त्या गोळीचं आधी सांगा

औशाहून एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. त्यातलं मुख्य तेवढं इथं देतो.

"आम्ही सहाजणी रोज पहाटे साडेपाचला चालायला जातो. सहाहीजणींना शुगर आहे, त्यातूनच ओळख वाढली. नवरात्रात पाचव्या माळेला आमच्यातली एक चालता चालता रस्त्याच्या कडेला बसली. वय ६१, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई घेते, नऊ दिवसांचा उपवास होता. घामानं झंपर चिंब, हात थरथरत होते, विचारलं तर भलतंच बोलायला लागली. आम्हाला वाटलं शुगर वाढली. एक म्हणाली, गोड काही देऊ नका. दुसरीनं पिशवीतली आपली शुगरची गोळी काढून तिला पाण्यासोबत दिली. मग रिक्षा करून दवाखान्यात नेलं, तिथं शुगर ३८ निघाली. सलाइन लावल्यावर शुद्धीवर आली, पण दुपारी परत खाली गेली म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. गोळीचं आम्ही डॉक्टरांना सांगितलं नाही, तिच्या घरीही नाही. आता तिचा मुलगा तिला बाहेर सोडत नाही. म्हणतो, तुमच्या नादानं आई गेली असती. जिनं गोळी दिली तीही यायची बंद झाली. राहिलो चौघी. पुढच्या महिन्यात भिशी माझ्याकडं आहे, नंतर शेतातल्या पूजेची-पंगतीची येळवस येतीय. कोणत्या तोंडानं बोलवू? आणि आमचं चुकलं कुठं, ते तरी सांगा."

ताई, चुकलं कुठं ते सांगतो, भिशीचंही बोलू. पण त्याआधी एक काम करा, आणि ते आजच करा. गोळीचं मैत्रिणीच्या घरी सांगा. माफी मागायची का, कशी मागायची, ते तुमचं तुम्ही ठरवा. सांगायचं कारण वेगळं आहे.

डॉक्टरांच्या बाजूनं बघा. त्यांच्या समोर आलेली बाई इन्सुलिनवर, उपाशी, चालून आलेली, शुगर ३८. सलाइननं वर आली आणि दुपारी परत घसरली. यावरून ते एकच हिशेब मांडणार, की हिला इन्सुलिन जास्त होतंय. मग युनिट कमी करून घरी पाठवलं असणार. आता उपवास सुटलेत, चालणं बंद आहे, दोन्ही वेळचं जेवण चालू आहे आणि डोस मात्र त्या दिवसाच्या हिशेबानं बसवलेला. त्या हिशेबात तुमची गोळी धरलेलीच नाही. म्हणजे आज तिची शुगर तीनशेच्या घरात असली तरी नवल नाही, आणि घरचे "आता शुगर लो होत नाही" म्हणून निवांत असतील. दुपारची घसरण गोळीनंच झाली असं इतक्या लांबून ठासून सांगता येत नाही. तिची सुई ३०/७० मिश्रणाची असेल, तर त्यातला संथ भाग सकाळी घेतल्यावर दुपारपर्यंत काम करतच असतो. पण शुगर कमी करणारी गोळी पोटात गेली असेल तर तिनं भर घातलीच असणार. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी कळल्या तरच डोस नीट बसेल.

जाताना त्या गोळीची पट्टी सोबत घ्या. नुसतं "शुगरची गोळी" म्हणून भागत नाही. पट्टीच्या मागं बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर धोका फारसा नव्हता, ती गोळी एकटी शुगर सहसा इतकी पाडत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड यातलं काही असेल, तर त्या गोळ्या स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन बाहेर काढतात. माणूस जेवलाय का उपाशी, याचं त्यांना सोयरसुतक नसतं. ग्लिमेपिराइडचा असर चोवीस तासांपर्यंत राहतो. आपल्याकडं बऱ्याच जणांच्या पट्टीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असतं, आणि गोळीच्या नावापुढचा १ किंवा २ हा आकडा बहुतेकदा ग्लिमेपिराइडच्या मिलिग्रॅमचा असतो. "माझी एक नंबरची, तिची दोन नंबरची, फरक काय पडतोय" असं बायका बोलतात, तो फरक हा आहे.

आता त्या सकाळचं. तिचं काय झालं ते ओळीनं लावून बघा. पहाटे उठून तिनं नेहमीसारखी सुई घेतली. उपवास म्हणून पोटात काही नाही. सुई मांडीत घेतली असेल तर आणखीच, कारण चालताना मांडीतलं रक्त जोरानं फिरतं आणि इन्सुलिन लवकर उचललं जातं. त्यात चालण्यानं स्नायूंनी साखर ओढली ती वेगळी. पाचव्या माळेपर्यंत यकृतातला साठाही बेताचा झालेला. ती पडली यात आश्चर्य काहीच नाही. पहिले चार दिवस कशी तरली, याचंच आश्चर्य करावं.

तुम्हाला वाटलं शुगर वाढली. हीच सगळ्यात मोठी गफलत, आणि ती तुमच्या एकट्यांची नाही. शुगर म्हटलं की गोड वाईट, हे डोक्यात इतकं बसलंय की माणूस डोळ्यासमोर गळून पडला तरी साखरेचा डबा उघडायला हात धजत नाही. एक खूण पक्की ध्यानात ठेवा. वाढलेली शुगर चालता-बोलता माणसाला दहा मिनिटांत आडवं करत नाही. तिला चढायला तास लागतात, दिवस लागतात, आणि ती तहान, सारखी लघवी, मरगळ घेऊन येते. अचानक गार घाम, थरथर, धडधड, कडकडून भूक, ओठांना मुंग्या, डोळ्यांपुढं अंधारी, मग असंबद्ध बोलणं हे सगळं शुगर पडल्याचं. ७० च्या खाली गेली की उपाय करायचा, ५४ च्या खाली म्हणजे धोका. ३८ ला मेंदूलाच साखर पुरत नाही, म्हणून बोलणं भलतीकडं जातं. अशा वेळी माणूस चिडतो, हात झटकतो, "मला काही झालं नाही, सोडा" म्हणतो. हे नकोनको आजाराचंच लक्षण आहे, त्याला मान देऊ नका. ब्लडप्रेशरसाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकरची गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड फारशी जाणवत नाही, घाम तेवढा दिसतो. तुमच्यात कुणाला अशी गोळी आहे का, विचारून ठेवा.

आणि समजत नसेल, मशीनही जवळ नसेल, तर? तर गोडच द्या. शुगर खरोखर वाढलेली असली तरी तीन चमचे साखरेनं त्या पंधरा मिनिटांत काही बिघडत नाही. पडलेली असली आणि दिली नाही, तर जीव जाऊ शकतो.

आता पुड्या बांधायचं बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. किराणा दुकानातून साधी ग्लुकोज पावडर आणा. दुकानातल्याच इलेक्ट्रॉनिक काट्यावर पंधरा-पंधरा ग्रॅमच्या बारा पुड्या मोजून घ्या, प्रत्येकीला दोन. चमच्यानं मोजायची तर चहाचे तीन चमचे भरून. कागदी पुडी घामानं विरघळते, पावसाळ्यात तिचा दगड होतो, म्हणून झिपच्या छोट्या पिशवीत भरा आणि दर तीन महिन्यांनी बदला. लुगड्याला खिसा नसतो, ही अडचण आहेच. त्यावर जुना उपाय आहे, चंची. आजीच्या चंचीत पान-सुपारी असायची, तुमच्या चंचीत दोन पुड्या आणि एक चिठ्ठी असू द्या. चिठ्ठीवर नाव, कोणती औषधं किती वाजता, घरच्या दोघांचे मोबाईल नंबर. मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवू नका, मोबाईल बऱ्याचदा घरी चार्जिंगला राहतो.

ग्लुकोजच का, साखर का नाही, असं तुम्ही विचाराल. साखर चालते, पण एक आडकाठी आहे. बऱ्याच जणांच्या गोळीत तिसरं औषध असतं, व्होग्लिबोज किंवा अकार्बोज. जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची गोळी, तीच. हे औषध आतड्यात साखर फोडायचं काम अडवतं. त्याच्यावर असलेल्या माणसाला साखर, गूळ, बिस्कीट दिलं तर ते पोटात पडून राहतं आणि शुगर चढत नाही. ग्लुकोज फोडावं लागत नाही, ते थेट रक्तात जातं. सहाजणींच्या सहा पट्ट्या लक्षात ठेवण्यापेक्षा सगळ्यांच्या चंचीत ग्लुकोज असलेलं बरं. पेढा, चॉकलेट, लाडू त्या वेळी नको. त्यातलं तूप साखरेला पोटात रेंगाळत ठेवतं.

द्यायचं कसं: तिला बसवा, उभ्यानं नाही. शुद्धीवर आहे, गिळता येतंय, एवढं बघा. एक पुडी अर्ध्या पेल्यात विरघळवून घोटाघोटानं पाजा, पाणी नसेल तर तशीच तोंडात टाका. घड्याळ बघा. पंधरा मिनिटांनी मशीनवर तपासा, ७० च्या वर नसेल तर दुसरी पुडी. दुसरीनंही भागलं नाही तर तिसरी द्यायची ती गाडीत बसून, दवाखान्याच्या वाटेवर. पंधरा मिनिटं थांबणंच सगळ्यात अवघड असतं. घाबरून दोन मिनिटाला काहीबाही कोंबलं जातं आणि मग शुगर साडेतीनशेला जाते. बरं वाटलं की खरं काही खायला द्या, नाहीतर तासाभरात परत घसरते. उपवास असेल तर केळं आणि मूठभर शेंगदाणे. त्या दिवसाचा उपवास तिथंच सुटला असं समजायचं.

गिळत नसेल, शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही टाकू नका, पाणीसुद्धा नाही. श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा, १०८ ला फोन लावा, "शुगरचा पेशंट आहे, इन्सुलिन घेते" हे शब्द फोनवरच सांगा. चेहरा वाकडा झाला, एक हात लुळा पडला, छातीत किंवा जबड्यात दाब आला, तरीही १०८. मधुमेहात हृदयविकाराचा झटका दुखल्याशिवायही येतो, नुसत्या घामानं आणि दम लागण्यानं. शिवाय इन्सुलिनच्या किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीच्या पेशंटची शुगर एकदा एवढी खाली गेली, की बरी वाटली तरी त्या दिवशी डॉक्टरांच्या नजरेखाली राहिलेली बरी. तुमची मैत्रीण दुपारी परत घसरली, ते यामुळंच.

गोळ्यांच्या उसनवारीबद्दल मला कडकच बोलावं लागेल. वाटीभर साखर उसनी, पायलीभर जोंधळे उसने, हे शेजारधर्मात चालतं. गोळीचं नाही. ग्लिमेपिराइडचं सांगितलं. मेटफॉर्मिन किडनी अधू असलेल्या बाईला नको. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी कडक उपवासात घेतली तर अंगात पाणी कमी पडतं, रक्तात आम्लही वाढू शकतं, आणि तेव्हा शुगरचा आकडा फार वाढलेला दिसतही नाही. इन्सुलिनची बाटली आणि सुई तर अजिबात देऊ-घेऊ नका. आपल्याकडच्या काचेच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, पेनमधलं इन्सुलिन १०० युनिटचं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये त्याच रेघेपर्यंत भरलं तर अडीचपट डोस जातो.

बायका गोळ्या उसन्या का घेतात, तेही माहीत आहे. महिनाअखेरीला पट्टी संपते आणि नवऱ्याकडं किंवा सुनेकडं पैसे मागायला जीवावर येतं. यावर वाट आहे. सरकारी दवाखान्यात, अगदी प्राथमिक आरोग्य केंद्रातसुद्धा, शुगर-बीपीची तपासणी होते आणि साध्या गोळ्या मोफत मिळतात. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. जनऔषधीच्या दुकानात तेच औषध कंपनीच्या नावाशिवाय पुष्कळ स्वस्त मिळतं. महिन्यातला एक दिवस ठरवून सहाजणींनी मिळून जा. एकटीला रांगेत लाज वाटते, सहाजणींना वाटत नाही.

मशीन सहाजणींत एक असलं तरी चालेल, पण टोचायचं पेन आणि सुई ज्याची त्याची. सुई बदलून तेच पेन फिरवणंही नको, त्याच्या तोंडाला लागलेल्या रक्तातून काविळीचा बी विषाणू पसरतो. बोट पुसून नाही, धुऊन टोचा. केळं सोललेल्या बोटाची शुगर पन्नासनं जास्त दिसली तरी खरी मानू नका.

रोजचा क्रम एवढाच बदला. सुई घेणारीनं आधी चालावं, मग घरी येऊन तपासावं, मग सुई, मग त्या इन्सुलिनला डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानं नाश्ता. सुई आणि घास यांच्यामध्ये रस्ता येता कामा नये. हा बदल तिच्या डॉक्टरांना विचारून करा, ते सहसा हो म्हणतात. निघायच्या आधी शुगर १०० च्या खाली असेल तर इन्सुलिनवाल्या आणि ग्लिमेपिराइडवाल्या बाईनं एक लहान केळं खाऊन निघावं. नाश्त्याला चुरमुऱ्यांची सुशीला असेल तर त्यात चुरमुऱ्यांच्या निम्मे शेंगदाणे आणि भरपूर कांदा टाका. नुसते भिजवलेले चुरमुरे साखरेसारखे चढतात आणि दहा वाजता परत भूक लागते.

उपवास करू नका, असं सांगून तुम्ही ऐकणार नाही, आणि सांगणाऱ्यानंही ते सांगू नये. आईसाहेबांचं नवरात्र आहे. पण इन्सुलिनवर असलेल्या बाईनं नऊ दिवस धरण्यापेक्षा उठता-बसता धरावं, किंवा धान्यफराळ करावा. भाजलेल्या धान्याच्या भाकरीवर देवी रुसल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही. घट बसायच्या दोन आठवडे आधी डॉक्टरांना भेटून डोस लिहून घ्यायचा. स्वतःच्या मनानं अर्धा करू नका, बंदही करू नका. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्यानं सुई पूर्ण थांबवली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. साबुदाण्याचं प्रकरण तर सगळ्यांनाच माहीत व्हावं. ७५ ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ६५ ग्रॅमच्या आसपास निव्वळ पिष्ट असतं, प्रथिनं जवळपास शून्य. तेवढ्याच ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत ते ५० च्या आसपास, सोबत तंतू आणि प्रथिनं. म्हणजे उपवासाला जे खातो ते भाकरीपेक्षा जड. (आणि भाकरी म्हणजे शुगरचं औषध, असंही नाही. आपली परातभर थापलेली भाकरी पुण्या-मुंबईच्या दोन भाकरींएवढी असते.) वाटीभर भगर, त्यावर शेंगदाण्याची आमटी आणि ताक, हे त्यातल्या त्यात बरं. भगर घरी निवडून, ताजी दळून वापरा. दर एकादशी-शिवरात्रीला जुन्या पिठानं विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्या भागात येतात, आणि उलट्या चालू असताना इन्सुलिनचा मेळ घालणं फार अवघड जातं.

भिशीला बोलवा. वेगळं "शुगरवाल्यांचं" ताट मात्र करू नका, सहाहीजणी शुगरवाल्याच आहेत. मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, प्रत्येकी दोन लहान धपाटी, दही, ताक. गोड करायचंच असेल तर जेवणाच्या मध्ये पुरणपोळीचा चतकोर, जेवण झाल्यावर सुटा नाही. एक नियम आधीच सांगून टाका, की आग्रह करणारीला पुढची भिशी घालावी लागेल. "एका घासानं काय होतंय" हे वाक्य सहाजणी सहा वेळा म्हणतात, तेव्हा सहा घास होतात.

येळवसीला घोळ वेगळाच असतो. बाई घरी सुई घेऊन शेतात निघते, ट्रॅक्टर उशिरा येतो, कोपीतली पूजा लांबते आणि पंगत बसायला दोन वाजतात. इन्सुलिन थर्मासात किंवा ओल्या फडक्यात गुंडाळून सोबत न्या, तपासायचं मशीन वेगळं, कोरडं ठेवा, आणि पानं मांडायला घेतली की मगच सुई घ्या. ताटात भज्जी पुढं ओढा. वाल, तूर, हरभरा, पालेभाज्या, शुगरवाल्याला याहून चांगलं जेवण नाही. उंडा एक, आंबील पेलाभर, खीर दोन चमचे. चप्पल फक्त पूजेपुरती काढायची, तेव्हाही पायात मोजे ठेवा. तुरीचं-ज्वारीचं धसकट तळव्यात घुसतं आणि दहा वर्षांच्या शुगरवाल्या पायाला ते कळत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर चप्पल काढली की रक्त दिसतं. चालून आल्यावर ओट्यावर बसता ना, तेव्हा आठवड्यातून एकदा एकमेकींचे तळवे बघा. स्वतःचा तळवा गुडघे दुखणाऱ्या बाईला दिसत नाही. बोटांच्या बेचक्या, टाच, करंगळीची बाजू. भेग, फोड, काळा डाग, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागणं, काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दवाखाना. तेल लावा, पण बेचक्यांत नको.

"तुझी किती आली?" हे मात्र थांबवा. पत्रात तुम्ही लिहिलंय, की एक मैत्रीण रोज सगळ्यांचे आकडे विचारते आणि मग तोंडं पडतात. घरच्या मशीनचा दीडशे म्हणजे खरा आकडा १३० ते १७० मध्ये कुठंही असू शकतो. तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी (एचबीए१सी) ४५ वर्षांच्या बाईला ७ च्या आत सांगतात, पंचाहत्तरीच्या, हृदयरोग असलेल्या बाईला डॉक्टर ८ पर्यंत चालवून घेतात. तुलना कशाची करणार? विचारायचंच असेल तर "खाल्लंस का, पुडी आहे का" हे विचारा.

राहिली ती दुसरी, गोळी दिलेली. तिच्याकडं आधी जा, मुलाकडं नंतर. तिला वाटत असणार की आपल्या हातून खून होता होता राहिला. चूक झाली, हे तिला गोड करून सांगू नका. पण साखर अडवणारी एक होती, गप्प राहणाऱ्या तुम्ही बाकीच्या होता, हेही सांगा. आणि पट्टी तिच्याकडंच आहे, ती तिनं स्वतः घेऊन यावी. ती तयार नसेल तर तिचं नाव न घेता तुम्ही पट्टी न्या. औषध महत्त्वाचं.

मुलगा चिडणार, चिडू द्या. दुपारी जेवणाच्या वेळी जाऊ नका, संध्याकाळी तो कामावरून आल्यावर जा. फार लांबण लावू नका. "बाळा, त्या दिवशी घाबरून आमच्यातल्या एकीनं आईला ही गोळी दिली होती. आम्ही भीतीनं सांगितलं नाही. आईचा डोस ठरवताना डॉक्टरांना हे कळायला पाहिजे. ही पट्टी ठेव, उद्या त्यांना दाखव." एवढंच. चालायला सोड, असं त्याच दिवशी म्हणू नका. दोन पुड्या घातलेली एक चंची त्याच्या आईच्या हातात द्या, पुडी कधी आणि कशी द्यायची ते त्या लेकालाही करून दाखवा. रात्री झोपेत शुगर पडली तर तिच्याजवळ तुम्ही नसणार, तोच असेल.

आठ-दहा दिवसांनी डोस नीट बसला, डॉक्टर हो म्हणाले, की त्यालाच म्हणा, पहिले चार दिवस तूही आमच्यासंगं चल. गावाबाहेरच्या रस्त्याला नका जाऊ. गल्लीतच दोन फेऱ्या मारा, पंधरा मिनिटांत तिच्या ओट्यावर परत या, आणि सुई व्हायच्या आधी तिची शुगर त्याच्यासमोर तपासा.